अंगणवाडी : मानाचं काम, मानधनाची नोकरी

अरबीत एक जुनी म्हण होती. एखाद्याला अगदीच खुळा ठरवायचा असेल, तर 'हा मकतबच्या मास्तरापेक्षाही मूर्ख' असं म्हणत. दिवसभर पोराटोरांत बसणाऱ्या माणसाची अक्कलही पोरांएवढीच राहते, असा त्यामागचा समज. नवव्या शतकातला बसरा शहराचा मोठा लेखक अल-जाहिज याने या म्हणीची दखल घेतली. तो मुळात विनोदी लेखक. शिक्षकांच्या भोळेपणाचे किस्से त्याच्या नावावर सांगितले जातात. पण त्यानेच शिक्षकांची बाजू मांडणारं लेखनही केलं. खलिफाच्या मुलांना शिकवणाऱ्या अल-किसाईसारख्या विद्वानाला मूर्ख कसं म्हणणार, असा त्याचा सवाल होता. गावातल्या साध्या मास्तरांबद्दल तो म्हणतो, की इतर कोणत्याही जमातीत जसे बरेवाईट लोक असतात तसेच ते यांच्यातही आहेत.

या बचावातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मास्तराची अब्रू राखायला जाहिजलाही आधी राजपुत्रांचे शिक्षक पुढे करावे लागले. म्हणजे शिक्षकाची किंमत तो काय काम करतो यावरून ठरत नव्हती, कुणाच्या मुलांना आणि किती मोठ्या मुलांना शिकवतो यावरून ठरत होती. हजार-बाराशे वर्षं उलटली, तरी हा हिशेब फारसा बदललेला नाही. विद्यापीठातला प्राध्यापक वर, शाळेतला शिक्षक त्याच्याखाली आणि बालवाडीच्या बाई सगळ्यांत खाली. मूल जितकं लहान, तितका शिकवणाऱ्याचा पगार कमी. काम मात्र नेमकं उलट चालतं. मूल जितकं लहान, तितकं शिकवणं कठीण. महाराष्ट्राच्या बालशिक्षणाचा इतिहास हेच सांगतो.

मकतबमधलं शहाणपण

आपल्याकडे मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की 'बिस्मिल्लाह' करायची रीत आहे. मुलाला नवे कपडे घालतात, समोर तख्ती ठेवतात, घरातली वडीलधारी मंडळी किंवा मौलवीसाहेब पहिले शब्द वदवून घेतात आणि मग मिठाई वाटली जाते. ही रीत भारतीय उपखंडातल्या मुसलमानांची, धर्मग्रंथातली नव्हे. पण तिच्यामागे एक समजूत आहे. मुलाचं शिक्षण सुरू होणं हा घरातला मोठा दिवस असतो आणि तो चौथ्या-पाचव्या वर्षीच येतो. शेजारच्या हिंदू घरातल्या अक्षरारंभालाही हाच मान असतो.

मिठाई वाटून झाल्यावर मूल ज्याच्या हाती सोपवलं जायचं, त्या माणसाविषयी मुस्लिम विचारवंतांनी बरंच लिहून ठेवलं आहे. आजच्या ट्युनिशियातल्या कैरवान शहराचे फकीह इब्न सहनून (निधन 870) यांनी मकतबच्या शिक्षकांसाठी आचारसंहिताच लिहिली. श्रीमंताचं आणि गरिबाचं मूल एकाच नजरेनं पाहावं. मुलांना आपल्या घरच्या कामाला जुंपू नये. रागाच्या भरात हात उचलू नये, डोक्यावर आणि तोंडावर मारू नये, तीन फटक्यांच्या पुढे जाऊ नये. आज आपल्याला तीन फटकेही जास्त वाटतील आणि ते योग्यच आहे. पण नवव्या शतकात कुणीतरी शिक्षकाच्या हाताला मर्यादा घालत होता, हे महत्त्वाचं.

इमाम गझाली (निधन 1111) यांनी मुलांच्या खेळाचा मुद्दा मांडला. मकतबमधून सुटल्यावर मुलाला मनसोक्त खेळू द्यावं, सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं आणि बुद्धी बोथट होते, असं ते सांगतात. चौदाव्या शतकात इब्न खल्दून यांनी त्यापुढचं निरीक्षण नोंदवलं. कठोर शिक्षा विद्यार्थ्याला, त्यातही लहान मुलाला, घातक ठरते. भीतीपोटी ते खोटं बोलायला शिकतं आणि पुढे तोच त्याचा स्वभाव बनतो.

या सगळ्यांना एक गोष्ट कळली होती. लहान मुलाला शिकवण्यात अक्षरांपेक्षा मुलाच्या मनाचा भाग मोठा असतो. मात्र हे शहाणपण बहुतांशी ग्रंथांतच राहिलं. गावोगावच्या मकतबांत आणि पंतोजींच्या शाळांत छडीचंच राज्य चाललं. लहान मुलांसाठी वेगळी शाळा आणि वेगळं प्रशिक्षण घेतलेला शिक्षक असावा, ही कल्पना प्रत्यक्षात यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

युरोपातून भावनगरपर्यंत

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1840 मध्ये आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. शिक्षक हा माळी आणि खेळ हेच शिक्षण, असा त्यांचा विचार. सरकारला मात्र या बागेचीच भीती वाटली. 1851 मध्ये प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली ती 1860 मध्ये.

दुसरं मोठं नाव मारिया माँटेसरी यांचं. 6 जानेवारी 1907 रोजी त्यांनी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. मजुरांची मुलं आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत हुंदडत आणि भिंती खराब करत, म्हणून त्यांची सोय करायची होती. म्हणजे माँटेसरी पद्धत जन्मली ती गरिबांच्या चाळीत. पुढे तिचं साहित्य महाग झालं आणि ती श्रीमंतांची शाळा बनली. 1939 मध्ये माँटेसरी भारतात आल्या. मद्रासजवळच्या अड्यारला त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत त्या इथेच राहिल्या.

पण त्यांच्या येण्याआधीच त्यांचा विचार गुजरातेत पोहोचला होता. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. त्यांनी वकिली सोडून 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर उघडलं. गुजराती माणसं त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', मिशा असलेली आई, म्हणत. याच गिजुभाईंकडे एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईचा. वडील प्रार्थना समाजाचे. पदवीधर झालेल्या ताराबाई राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. मानाची, पगाराची नोकरी. ती सोडून त्या तीन-चार वर्षांच्या पोरांत येऊन बसल्या. त्या काळी पदवीधर स्त्रीने बालमंदिरात शिकवायला जाणं लोकांना खुळेपणाचं वाटलं असेल, तर नवल नाही. जाहिजच्या काळातली म्हण तेव्हाही जिवंतच होती. 1926 मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे मुंबईला येऊन ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवलं.

मुलं आली नाहीत, शाळा गेली

शिशुविहार चांगलं चाललं होतं, पण तिथे येणारी मुलं मध्यमवर्गीयांची. खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न होताच. माँटेसरी पद्धत या गरीब देशाला परवडणार कशी, असं गांधीजीही विचारत होते. 1945 मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. 1910 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला जन्मलेल्या, लहानपणीच लग्न आणि वैधव्य दोन्ही वाट्याला आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, अनुताई पस्तिशीच्या.

बोर्डीची बालवाडी सुरू झाली, पण जी मुलं यायला हवी होती ती येईनात. गावातल्या सवर्णांची मुलं आली, दलित वस्तीतली आणि गरीब घरांतली आली नाहीत. कारणं उघड होती. जातीची भिंत होती. अंगावर धड कपडे नव्हते. आईबाप पहाटेच कामावर जात, मग पोराला आणणार कोण? शाळा म्हणजे काय हेच माहीत नसलेल्या आईने तीन वर्षांचं मूल परक्याच्या हाती द्यायचं तरी कशाला?

अशा वेळी आपण सहसा म्हणतो, 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.' ताराबाई आणि अनुताईंनी तसं म्हटलं नाही. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे जाईल, असं त्यांनी ठरवलं. त्या वस्तीत गेल्या, कुणाच्या तरी अंगणात बसल्या आणि तिथेच मुलं जमवली. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर रोज उच्चारला जाणारा हा शब्द अशा एका अडचणीतून आला आहे.

त्या अंगणातला पहिला धडा अक्षरांचा नव्हता. मुलांची तोंडं धुणं, नाक पुसणं, नखं कापणं, केस विंचरणं, अंघोळ घालणं हाच धडा होता. ज्या काळात त्या वस्तीची सावलीही टाळली जात होती, त्या काळात बाहेरून आलेल्या बाई तिथल्या मुलाला मांडीवर घेऊन त्याचे केस विंचरतात, हे शिक्षण फक्त मुलाचं नव्हतं. सारं गाव ते पाहत होतं.

महागड्या साहित्याचा प्रश्नही अंगणातच सुटला. लाकडी ठोकळे आणि रंगीत मणी आणायला पैसे नव्हते. पण समुद्राकाठी शिंपले होते, रानात बिया होत्या, पानं, फुलं, खडे, माती आणि बांबू होता. लहान-मोठं ओळखायचं तर शिंपले लावा. मोजायचं तर बिया घ्या. रंग शिकायचे तर पानं-फुलं आणा. माँटेसरींचं तत्त्व तेच राहिलं, साहित्य मात्र बोर्डीचं झालं. आज आपण याला 'परिसरातून शिक्षण' असं भारदस्त नाव देतो.

कोसबाडची टेकडी

1957 मध्ये हे काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या पाड्यांत. या मुलखाचा इतिहास ध्यानात घ्यायला हवा. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच 1945 साली डहाणू, तलासरी आणि उंबरगाव भागात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराचे गुलाम होत, अशी 'लग्नगड्या'ची पद्धत तिथे होती. अशा आईबापांची मुलं आता शाळेत आणायची होती.

आली ती मुलं एकटी आली नाहीत. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. ते सांभाळायचं म्हणून तिची शाळा बुडायची. मुलगे गुरं घेऊन रानात जायचे. प्रत्येक मुलाच्या गैरहजेरीमागे घरचं एक काम होतं. कोसबाडला या कामांनाच शाळेत जागा दिली गेली. कडेवरच्या बाळासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी, मोठीसाठी प्राथमिक वर्ग, सगळं एकाच ठिकाणी. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. बाळ पाळणाघरात ठेवलं की ताई वर्गात बसायला मोकळी. गुराख्यांसाठी त्या कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरवली. गुरं चरताहेत तोवर पोरं शिकताहेत.

हे वाचायला सोपं वाटतं. पण त्यासाठी शिक्षिकेला आधी हे शोधावं लागतं, की मूल का आलं नाही. हजेरीपटावर गैरहजेरीची फुली मारून पुढे जाणं सोपं असतं. त्या फुलीमागचं घर पाहून येणं हे खरं काम.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1973 मध्ये त्या वारल्या. त्यानंतरही अनुताई टेकडीवरच राहिल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे. 1985 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 1992 मध्ये त्यांचं निधन झालं.

या कामात कठीण काय, मिळतं काय?

दहावीच्या वर्गात शिक्षक बोलतो आणि मुलं ऐकतात, निदान तसं दाखवतात तरी. तीन वर्षांचं मूल तसं दाखवतही नाही. त्याचं लक्ष काही मिनिटांत उडतं. वीस-पंचवीस मुलांत एक रडतंय, एकाला शू लागलीय, एकाने दुसऱ्याला चावा घेतलाय आणि एक दारात उभं राहून आईची वाट पाहतंय. बाईंना गाणं अर्धवट सोडून उठावं लागतं आणि परत येऊन त्याच सुरात बसावं लागतं. रागावून चालत नाही, कारण धाकाने गप्प बसलेलं मूल शिकत नाही, हे इब्न खल्दून यांच्यापासून सगळे सांगत आले आहेत.

त्यात भाषेचा प्रश्न. वारली घरातल्या मुलाला पुस्तकी मराठी परकी. कोकणी मुसलमानाच्या घरी कोकणी बोलतात आणि मराठवाड्यात दखनी. मग मूल मराठी बालवाडीत जावो की उर्दू, पहिल्या दिवशी कानावर पडणारी भाषा आईची नसते. घरात टुरूटुरू बोलणारं पोर तिथे महिनोन्‌महिने मुकं बसतं. त्याला 'ढ' म्हणणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत मोठा अन्याय. जी बाई त्याच्या घरातले चार शब्द शिकून त्याच्याशी बोलते, तिच्यापुढेच ते तोंड उघडतं.

मग या बाईला मिळतं काय? एक दिवस ते मुकं पोर अचानक सगळं गाणं म्हणून दाखवतं. दारात रडणारं मूल आईचा हात सोडून आत पळत येतं. एखादं आपल्या डब्यातला घास शेजाऱ्याला देतं. याचा निकाल कुठे लागत नाही, गुणपत्रिका निघत नाही, बोर्डात पहिलं आल्याचा फोटो छापून येत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, मूल हे सगळं विसरतं. दहावीचे सर जन्मभर आठवतात. चमचा धरायला, रांगेत थांबायला, न घाबरता बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा बहुतेकांना आठवत नाही. तिचं काम जितकं चांगलं होतं, तितकं ते मुलाच्या अंगात मुरतं आणि दिसेनासं होतं. मूल विसरतं, ते त्याच्या वयामुळे. समाजाने विसरायला तसं काही कारण नाही.

नाव घेतलं, मान राहिला

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्राचं नाव अंगणवाडी. ताराबाईंच्या निधनाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणं, मातांना आहार-आरोग्याची माहिती आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिथून मिळतात. गरीब घरांसाठी या योजनेचं मोल मोठं आहे, यात शंका नाही.

पण सहा सेवांत शिकवणं ही एक. सेविकेने आहार वाटायचा, बाळांची वजनं करायची, गरोदर बायांची नोंद ठेवायची, सर्वेक्षणं करायची आणि 2021 पासून मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये माहितीही भरायची. यातून वेळ उरला तर गाणी-गोष्टी. ताराबाईंच्या अंगणात आधी मूल होतं आणि नोंदी मागून आल्या. आता बहुतेक ठिकाणी नोंदी आधी येतात.

शिवाय ही 'नोकरी' नाही, 'मानद सेवा' आहे. म्हणून तिला वेतन नाही, मानधन. ऑक्टोबर 2018 पासून केंद्राने सेविकेसाठी महिना 4500 आणि मदतनिसासाठी 2250 रुपये ठरवले. राज्यं त्यात आपापली भर घालतात. सेविकांचं पद हे शासकीय पद नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात म्हटलं. 25 एप्रिल 2022 रोजी गुजरातमधल्या एका प्रकरणात मात्र याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल दिला आणि त्यांच्या कामाच्या परिस्थितीचा गांभीर्याने विचार करायला सरकारांना सांगितलं. महाराष्ट्रातल्या सेविका त्यानंतरही, डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 मध्ये, संपावर होत्या.

कायद्यानेही लहान मुलाला मागेच ठेवलं. संविधानाच्या मूळ अनुच्छेद 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. खालच्या वयाची अट नव्हती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला, पण तो 6 ते 14 वयाचा. सहाच्या आतल्या मुलांसाठी राज्याने 'प्रयत्न करावा' एवढंच उरलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकते' असं म्हटलंय. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला. धोरणात पाया आणि मानधनात शेवटचा नंबर, हा विरोधाभास मात्र कायम आहे.

याचा फटका कुणाला बसतो? ज्यांना परवडतं ते हजारो रुपये भरून मुलाला खासगी नर्सरीत घालतात. अंगणवाडीवर विसंबून असतात ती आदिवासी पाड्यांतली, दलित वस्त्यांतली, मुस्लिम मोहल्ल्यांतली, ऊसतोड कामगारांची मुलं. पहिलीच्या वर्गात ही सगळी मुलं एकत्र येतात, तेव्हा शर्यत आधीच तीन वर्षं सुरू झालेली असते. पुढे दहावीत गळती का होते, यावर समित्या नेमल्या जातात.

आपल्या समाजात शिक्षणाच्या बैठका खूप होतात. कॉलेज हवं, वसतिगृह हवं, स्पर्धा परीक्षेचं केंद्र हवं, असे ठराव होतात. सगळं हवंच. पण मोहल्ल्यातल्या अंगणवाडीला स्वतःची खोली आहे का, तिथे पाणी आहे का, सेविका मुलांची भाषा बोलते का, तिचं मानधन वेळेवर येतं का, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. मशिदीच्या किंवा जमातीच्या मालकीची रिकामी खोली अनेक ठिकाणी असते. ती सकाळी तीन तास अंगणवाडीला मिळू शकते. सेविका संपावर जाते तेव्हा 'पोरांचा खाऊ बंद झाला' म्हणून तिच्यावर चिडण्याआधी तिची मागणी काय आहे, हे पालक विचारू शकतात. मुलाच्या बिस्मिल्लाहला आपण सगळा मोहल्ला बोलावतो. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाला जी बाई रोज शिकवणार आहे, तिलाही त्या दिवशी मानाने बोलवावं आणि पुढे तिच्या हक्काच्या वेतनासाठी तिच्याबरोबर उभं राहावं.